घरच्या टेबलावरचं इलेक्ट्रॉनिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेनं सर्किटं जोडणाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत, बोर्डांची नावं तेवढी बदलतात. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायचं टाळलं आहे, त्यामुळे जिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय तिथे जाऊन वाचा. 'सर, माझा बोर्ड जळाला का?' हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न यादीत मुद्दाम घेतलेला नाही. बहुतेक वेळा बोर्ड ठणठणीत असतो आणि खरं उत्तर प्रश्न ८ किंवा १० मध्ये असतं.

१. मी अगदी नवीन आहे. तयार किट घेऊ की सुटे भाग?

सुटे भाग. मोठ्या किटमध्ये ढीगभर सेन्सर येतात, त्यातले चार-पाच वापरले जातात आणि बाकीचे पिशवीतच राहतात. ८३० छिद्रांचा एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी), जंपर वायर, रेझिस्टरच्या मोजक्या किमती (२२० आणि ३३० ओहम, १ के म्हणजे १००० ओहम, ४.७ के, १० के, ६८ के, १०० के), लाल-हिरवे एलईडी, १०४ छापलेले (प्रश्न ९) सिरॅमिक कपॅसिटर, १० आणि १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलायटिक, मूठभर बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड आणि दोन-चार ५५५ टायमर आयसी एवढ्यावर बरेच महिने निघतात. व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा मल्टिमीटर मात्र पहिल्याच खरेदीत घ्या.

५५५ ला जुनाट म्हणून नाक मुरडू नका. हान्स कामेनझिंड यांनी तो १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी डिझाइन केला, १९७२ मध्ये तो बाजारात आला आणि आजही तो सहज मिळतो. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की एलईडी लुकलुकायला लागतो. सूत्र सोपं आहे: वारंवारता = १.४४ ÷ ((आर१ + २ × आर२) × सी). आर१ १० के, आर२ ६८ के आणि सी १० मायक्रोफॅरड घेतला तर साधारण सेकंदाला एक लुकलुक. घड्याळ लावून पाहिलं तर थोडा फरक दिसेल, कारण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो. हा फरक का पडला हे शोधताना जे शिकायला मिळतं ते कोड कॉपी करून मिळत नाही.

९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी टाळा. ती महाग पडते, लवकर उतरते आणि जरा जास्त करंट मागितला की व्होल्टेज बसतं. चार पेन्सिल सेलचं होल्डर किंवा ५ व्होल्टचा जुना मोबाइल चार्जर बरा. साधा ५५५ साडेचार ते सोळा व्होल्टवर चालतो.

२. सामान ऑनलाइन मागवू की बाजारात जाऊ?

एक-दोन मॉड्यूल हवी असतील तर ऑनलाइन. सुटे भाग, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर, डबे, नॉब, स्विच यांसाठी बाजार. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आजूबाजूचा भाग. रविवारी सहसा शटर खाली असतं. काउंटरवर गर्दी असते, त्यामुळे 'तो तीन पायांचा काळा' असं सांगून चालत नाही. पार्ट नंबर, व्होल्टेज आणि नग कागदावर लिहून न्या. रेझिस्टर शंभराच्या पट्टीत घेतले तर स्वस्त पडतात.

लहान गावात असाल तर टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांशी ओळख वाढवा. सुटे भाग तर मिळतीलच, शिवाय सोल्डर मारायचं खरं कसब त्यांच्याकडे पाहून कळतं.

३. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर चालेल का?

बॅटरीवरच्या सर्किटांसाठी चालेल. डीसी व्होल्ट, ओहम, डायोड आणि बीप (जोड सलग आहे का ते आवाजाने सांगणं) ही चार कामं तो नीट करतो. त्याच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवा.

पहिली, १० अँपिअरच्या खाचेला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूज नसतो, आणि तसं खाचेशेजारी छापलेलंही असतं. लाल प्रोब तिथे राहिला आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. करंट मोजून झाला की प्रोब लगेच मूळ खाचेत लावा.

दुसरी, मीटरचा सेल उतरला की व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त दिसायला लागतं. ५ व्होल्टचा चार्जर ५.८ दाखवतोय म्हणून चार्जरला दोष देण्याआधी मीटरचा सेल बदलून बघा.

तिसरी, घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीवर हा मीटर वापरू नका. पाठीवर 'कॅट ३' (लाइनीवर वापरायची सुरक्षा श्रेणी) छापलेलं असलं तरी आतली बांधणी तशी असेलच याची खात्री नाही. लाइनीचं काम असेल तर फ्यूज असलेला, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या.

आणि ओहम मोजताना सर्किटचा पुरवठा बंद हवा. रेझिस्टरचा निदान एक पाय मोकळा हवा, नाहीतर आजूबाजूचे भागही त्या मोजणीत येतात.

४. सोल्डरिंग आयर्न किती वॅटचं घेऊ? २५ की ६०?

साधं, नुसतं प्लगला लावायचं असेल तर २५ वॅट. तापमान ठरवता येणारं असेल तर ६० वॅट, आणि परवडत असेल तर हेच घ्या. वॅट जास्त म्हणजे बिट (आयर्नचं टोक) जास्त तापतं असं नाही. जाड वायर किंवा मोठ्या तांब्याच्या पट्टीला टेकवल्यावर उतरलेलं तापमान ते लवकर भरून काढतं, एवढाच त्याचा अर्थ.

सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७ घ्या, म्हणजे कथील आणि शिसं. ६३/३७ बरोबर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि तिथेच घट्ट होते. ६०/४० मध्ये मधली लगद्यासारखी अवस्था थोडी टिकते. शिसंविरहित वायरला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं, नवशिक्याला ती त्रास देते. शिशाच्या वायरीवर काम करताना बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. धूर दिसतो तो फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून वायरीत भरलेल्या रसायनाचा), शिशाचा नव्हे. तरीही तो छातीला चांगला नाही, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातावाटे, तेव्हा काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्यात हात घालायचा नाही.

स्वस्त आयर्नचं बिट नुसत्या तांब्याचं असतं, ते झिजलं की कानशीनं घासता येतं. चांगल्या बिटावर लोखंडाचा मुलामा असतो. त्याला कानस लावलीत तर मुलामा जातो आणि बिट काही दिवसांत खड्डे पडून निकामी होतं. ते ओल्या स्पंजावर किंवा पितळी चोथ्यावर पुसायचं, आणि बंद करताना टोकावर सोल्डरचा थेंब ठेवायचा.

नळकामाचं ॲसिड फ्लक्स बोर्डाला कधीही लावू नका. जोड सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत पाय खाऊन टाकतो.

५. सोल्डर छान गोळ्यासारखं बसतं, पण सर्किट चालत नाही. असं का?

गोळा बसतो हीच अडचण आहे. सोल्डर बोर्डाच्या पॅडवर पसरून पायाला चढलेलं दिसलं पाहिजे, कडा उतरत्या हव्यात. गोळा दिसला तर तापलं फक्त सोल्डर, पॅड किंवा पाय थंडच राहिला. यालाच दुरुस्तीवाले ड्राय सोल्डर म्हणतात. बिट पॅड आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा, दोनेक सेकंद थांबा, मग वायर बिटाला नव्हे तर जोडाला लावा. वायर आधी काढा, बिट नंतर, आणि घट्ट होईपर्यंत हलवू नका.

एक अपवाद: शिसंविरहित सोल्डरचा चांगला जोडही जरा मातकट दिसतो. तिथे चकाकीवर जाऊ नका, आकार बघा.

६. रेझिस्टरच्या रंगपट्ट्या कुठल्या बाजूने वाचायच्या?

बदामी रंगाच्या चार पट्ट्यांच्या रेझिस्टरला शेवटी सोनेरी पट्टी असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. त्रास देतात ते निळे, पाच पट्ट्यांचे, एक टक्का अचूकतेचे. त्यांची शेवटची पट्टी तपकिरी असते आणि पहिलीही तपकिरी असू शकते. तपकिरी-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी हा १ के. तोच उलटा धरला तर ११० ओहम होतो, आणि तीही खरोखर मिळणारी किंमत आहे! शेवटची पट्टी बाकीच्यांपासून थोडी दूर असते म्हणतात, पण स्वस्त मालात ते अंतर दिसत नाही. निळ्या रंगावर लाल, तपकिरी आणि नारिंगी ट्यूबलाइटखाली सारखेच भासतात.

म्हणून रंग पाठ करा जरूर, पण बोर्डात खोचण्याआधी मीटर लावा.

७. एलईडीला रेझिस्टर लावलाच पाहिजे का? ३ व्होल्टच्या सेलवर तर न लावता चालतो.

तो बटन सेल होता. त्या सेलच्या आतलाच रोध एवढा जास्त असतो की एलईडी वाचतो. दोन पेन्सिल सेलवर लाल एलईडी तसाच लावून पाहा, म्हणजे फरक कळेल.

हिशेब असा: लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. पुरवठा ५ व्होल्टचा, उरले ३. करंट १० मिलिअँपिअर हवा तर ३ ÷ ०.०१ = ३०० ओहम, जवळची किंमत ३३०. निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ते मंद पेटतात. तो दोष बोर्डाचा नाही.

चार एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावू नका. ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो सगळा करंट ओढतो, आधी तो जातो, मग पुढचा. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या.

८. सर्किट आकृतीप्रमाणे जोडलंय, शंभर वेळा तपासलंय, तरी ब्रेडबोर्डवर चालत नाही.

आकृतीकडे बघणं थांबवा आणि मीटर हातात घ्या. क्रम असा ठेवा.

आयसीच्या पुरवठ्याच्या पायावर, म्हणजे ब्रेडबोर्डच्या भोकात नव्हे तर थेट धातूच्या पायावर, व्होल्टेज आहे का? ८३० छिद्रांच्या बऱ्याच बोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. रेघ मध्येच थांबलेली दिसली तर खाली पत्राही तुटलेला आहे. तिथे छोट्या वायरचा तुकडा टाका. 'अर्धा बोर्ड मेला' अशा तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

मग ग्राउंड. दोन वेगळे पुरवठे असतील तर त्यांचे ऋण टोक एकमेकांना जोडलेलं हवं, नाहीतर एकाच्या सिग्नलला दुसऱ्याकडे काही अर्थ उरत नाही. त्यानंतर आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पायांना अगदी जवळ १०४ चा कपॅसिटर. शेवटी जंपर वायर: स्वस्त वायर आतून तुटलेल्या निघतात, बीप लावून हलवून पाहा.

१एन४००७ सारख्या जाड पायांचे भाग वारंवार खोचले की आतले पत्रे सैल होतात, ती रांग पुढे बारीक पायांना धरत नाही. आणि ब्रेडबोर्डवर एक अँपिअरच्या आसपासचा करंट नको, २३० व्होल्ट तर मुळीच नको.

९. कपॅसिटर उलटा लागला तर? आणि १०४ म्हणजे काय?

१०४ म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, तेच १०० नॅनोफॅरड, तेच ०.१ मायक्रोफॅरड. सिरॅमिकला दिशा नसते.

इलेक्ट्रोलायटिकला असते. बाजूची पट्टी ऋण पाय दाखवते, नवीन भागात लांब पाय धन. उलटा लावला तर तो तापतो, फुगतो आणि फुटतो, म्हणून नवीन सर्किट पहिल्यांदा चालू करताना त्याच्या तोंडावर वाकू नका. टँटॅलममध्ये मात्र पट्टी धन बाजूला असते. नेमकं उलट! जुन्या बोर्डावरून काढलेले पिवळे-नारिंगी चौकोनी भाग बसवताना हे विसरलं की धूर ठरलेला.

कपॅसिटरवरचा व्होल्ट आकडा पुरवठ्यापेक्षा बराच वरचा घ्या. किती वरचा ते प्रश्न १५ मध्ये.

१०. मोटर किंवा रिले चालू झाला की आर्डुइनो (प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड) रिसेट होतो. प्रोग्रॅममध्ये काय बदलू?

प्रोग्रॅममध्ये काही नाही. शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनांच्या मोसमात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्यांनी तोवर कोड निदान चार वेळा पुन्हा लिहिलेला असतो.

मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो करंट बोर्डाच्याच ५ व्होल्टच्या वाटेने गेला तर तिथलं व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, स्वतःला पुन्हा सुरू करतो. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी खाचेची हमी ५०० मिलिअँपिअरपर्यंतच असते. छोटी सर्व्हो मोटर अडकली तरी ती तो आकडा ओलांडते.

मोटरला वेगळा पुरवठा द्या, दोन्हींचे ग्राउंड जोडा. मोटरच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा कपॅसिटर, मोटरच्या दोन टोकांमध्ये थेट सोल्डर केलेला १०४. मोटरची ग्राउंड वायर बोर्डामधून फिरवून नेऊ नका. पुरवठ्यापासूनच दोन वाटा वेगळ्या करा.

रिले म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, त्याची गंमत वेगळी. ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. आर्डुइनो ऊनोच्या पायावर २० पर्यंत ठेवायचं, ४० ही कमाल सहनशक्ती, कामाची पातळी नव्हे. म्हणून मध्ये बीसी५४७ लागतो, त्याच्या बेसला १ के. आणि कॉइलला उलट दिशेने १एन४००७, पट्टी धन बाजूला. रिले बंद होताना कॉइलमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. डायोड नसेल तर तो शेकडो व्होल्टचा झटका देऊन वाट काढतो, आधी ट्रान्झिस्टरमधून. तयार रिले मॉड्यूलवर हे सगळं बसवलेलं असतं, पण पुरवठा वेगळा द्यायचा मुद्दा तिथेही लागू आहे.

एवढं करूनही रिलेवर पंखा किंवा पाण्याचा पंप असताना रिसेट होत असेल, तर झटका रिलेच्या संपर्कातून येतोय. २३० व्होल्टच्या वायरी बोर्डापासून दूर न्या, आणि पंपाला रिलेऐवजी कॉन्टॅक्टर (मोठ्या भाराचा रिले) लावून तो रिलेने चालवा.

११. बोर्ड लॅपटॉपला लावला, दिवा पेटतो, पण पोर्ट दिसत नाही.

आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन वायरी नसतात. मग ड्रायव्हर: स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, विंडोजला तिचा ड्रायव्हर कधीकधी वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसतं पण प्रोग्रॅम चढत नाही असं असेल तर ० आणि १ नंबरच्या पायांना काही जोडलंय का बघा, ते काढून पुन्हा चढवा.

१२. बीसी५४७ च्या जागी २एन२२२२ लावला, चालत नाही. दोन्ही एनपीएनच ना?

जात एकच, पायांचा क्रम वेगळा. सपाट बाजू स्वतःकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. प्लास्टिकमधला पीएन२२२२ आणि २एन३९०४ नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. त्यातही पी२एन२२२२ए नावाचा एक प्रकार पुन्हा बीसी५४७ सारखाच आहे. म्हणजे एक अक्षर पुढे लागलं की पाय फिरले. अंगावरचं पूर्ण नाव वाचून त्याचीच डेटाशीट बघा.

शंका असेल तर मीटर डायोडवर ठेवा. ज्या पायावर लाल प्रोब ठेवल्यावर बाकी दोघांकडे सुमारे ०.६ ते ०.७ दाखवतं तो एनपीएनचा बेस. त्या दोघांत जिथे आकडा किंचित जास्त तो एमिटर.

१३. आयआरएफझेड४४एन मॉसफेट ४९ अँपिअरचा आहे म्हणे, मग माझ्या दोन अँपिअरच्या एलईडी पट्टीवर का तापतो?

कारण तो अर्धवट उघडतोय. त्याचा अगदी कमी रोध गेटवर (त्याला उघडणाऱ्या पायावर) १० व्होल्ट असतानाचा आहे. डेटाशीटमध्ये २ ते ४ व्होल्ट असा जो गेटचा आकडा दिसतो, तिथे तो नुकता उघडायला लागतो, पूर्ण उघडत नाही. ५ व्होल्टवर काही नग जेमतेम चालतात, ३.३ वर भरवसा नाही. आयआरएलझेड४४एन मागा. मधलं 'एल' लॉजिक पातळीचं. दिसायला दोघे जुळे आहेत, दुकानदार 'एकच आहे' म्हणाला तरी अंगावरचं नाव वाचा.

गेट आणि ग्राउंडमध्ये १० के टाका, म्हणजे बोर्ड सुरू होईपर्यंत पट्टी आपोआप पेटणार नाही.

१४. ७८०५ हात लावता येत नाही इतका तापतो. बिघडलाय का?

नाही, ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर, तो उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, करंट अर्धा अँपिअर: ७ × ०.५ = साडेतीन वॅट. हीट सिंकशिवाय हे झेपत नाही. आत ८ किंवा ९ व्होल्ट द्या (७ च्या खाली नको, त्याला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट लागतात), किंवा एलएम२५९६ चं बक मॉड्यूल घ्या, ते फारसं न तापता व्होल्टेज उतरवतं. बक मॉड्यूलचा स्क्रू आधी फिरवून, मीटरवर ५ व्होल्ट बघून, मगच पुढे बोर्ड जोडायचा.

आवाजाच्या सर्किटाला मात्र ७८०५ च बरा, बकमधून गुणगुण येऊ शकते.

१५. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर १६-१७ व्होल्ट दाखवतोय. फसवलं का?

नाही. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्ट एसीचे परिणामी मूल्य. कपॅसिटर भरतो शिखरापर्यंत: १२ × १.४१४ = सुमारे १७, त्यातून ब्रिजच्या दोन डायोडचे १.४ वजा, म्हणजे साडेपंधरा. पण छापलेले १२ पूर्ण भारावरचे असतात. भार नसताना ट्रान्सफॉर्मर जास्तच देतो, आणि रात्री लाइन २४० च्या वर गेली की आणखी. म्हणून इथे १६ व्होल्टचा कपॅसिटर नको, २५ चा घ्या. ३५ चा मिळाला तर उत्तम.

१६. ऊनोवर चालणारा सेन्सर ईएसपी३२ ला लावला तर चुकीचं वाचन येतं.

ईएसपी३२ या वायफाय असलेल्या बोर्डाचे पाय ३.३ व्होल्टचे आहेत. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा एको पाय ५ व्होल्ट देतो. मध्ये १ के आणि २ के चा विभाजक टाका, म्हणजे ३.३ च उरतात. 'तसंच जोडलं तरी चाललं' असं सांगणारे भेटतात. किती दिवस चालेल ते त्यांनाही ठाऊक नसतं.

याच बोर्डाचे तीन खोडसाळ कोपरे. ३४ ते ३९ नंबरचे पाय फक्त आत घेतात, त्यांना आतला पुल-अपही (पाय वर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही, बटन लावलं तर बाहेरून १० के लागेल. वायफाय सुरू असताना दुसऱ्या एडीसीचे, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे, पाय (४, १३, १४, २५, २६, २७ वगैरे) व्होल्टेज वाचत नाहीत, त्यासाठी ३२ ते ३९ मधले वापरा. आणि १२ नंबरचा पाय सुरू होताना वर ओढलेला असेल तर नेहमीचा बोर्ड चालूच होत नाही. तिथे रिले मॉड्यूल लावून 'बोर्ड मेला' म्हणणारे बरेच आहेत.

१७. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल वापरू का?

हे लिथियम-आयन सेल वापरता येतात, पण २ व्होल्टच्या खाली बसलेला सेल पुन्हा जिवंत करायच्या फंदात पडू नका. गंजलेले, फुगलेले, कव्हर फाटलेले सरळ बाजूला. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, वापर ३ पर्यंत.

चार्जिंगला टीपी४०५६ चं मॉड्यूल. दोन प्रकार मिळतात, संरक्षण असलेलं घ्या: त्यावर बॅटरीची दोन आणि बाहेर जाणारी दोन अशी चार वेगळी टोकं असतात. ते १ अँपिअरला बसवून येतं. १८६५० ला ठीक, पण ३०० मिलिअँपिअर-तासाच्या पातळ सेलला घातक. १.२ के चा रेझिस्टर काढून ५ के लावला तर करंट सुमारे २५० मिलिअँपिअरवर येतो. दोन सेल मालिकेत जोडून या मॉड्यूलने चार्ज करता येत नाहीत.

सेलला थेट सोल्डर मारू नका. पट्ट्या लावलेले सेल किंवा होल्डर घ्या.

१८. एलईडी बल्बमधला छोटा ड्रायव्हर काढून त्यावर माझं सर्किट चालवू का? ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचेल.

नको. अशा अनेक स्वस्त ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर किंवा साधी कॉइल लावून व्होल्टेज उतरवलेलं असतं, लाइनीपासून तोडलेलं नसतं. मीटरला १२ व्होल्ट दिसले तरी ते दोन्ही टोकं जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असू शकतात. बल्बमध्ये ते चालतं कारण बाहेरून हात लागत नाही. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये लागतो. भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण असलेला ५ किंवा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या.

रिलेने घरचा दिवा चालवायचा असेल तर रिले मॉड्यूलच्या खालच्या बाजूला लाइनीचे पट्टे उघडे असतात, म्हणून तो प्लास्टिकच्या डब्यात, स्क्रूने बसवून. टेबलाच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच.

१९. ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) घेण्याइतकी गरज केव्हा पडते?

मीटर बरोबर व्होल्टेज दाखवतोय आणि तरी काम होत नाही, असं वारंवार व्हायला लागलं की. फक्त डिजिटल सिग्नल बघायचे असतील तर आधी आठ वाहिन्यांचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. डीएसओ१३८ सारखं छोटं किट २०० किलोहर्ट्झपर्यंतच दाखवतं. आवाजाच्या सर्किटाला ठीक, बाकीला अपुरं.

टेबलावरच्या स्कोपची एक गोष्ट मात्र घेण्याआधीच समजून घ्या. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या पेटीमधून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती तुम्ही लाइनीशी जोडलेल्या सर्किटात (वरचा एलईडी ड्रायव्हर धरून) कुठेही लावलीत तर शॉर्ट होतो. उपाय म्हणून काही जण स्कोपच्या प्लगचा अर्थिंगचा पाय काढतात. मग शॉर्ट होत नाही, पण स्कोपची अख्खी पेटी लाइनीवर जाते आणि तिच्या धातूला तुमचा हात लागतो. असं करू नका. डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगशी न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा) नसेल तर तिथे मोजूच नका.

२०. कोकणात राहतो. पावसाळ्यात सर्किटं आपोआप बंद पडतात.

खारा दमटपणा आणि बोर्डावर राहिलेलं फ्लक्स मिळून पायांमध्ये सूक्ष्म गळती होते. ज्या सर्किटांत १ मेगाओहमसारखे मोठे रेझिस्टर असतात, जसं स्पर्शाचं बटन किंवा मातीतला ओलावा मोजणं, त्यांना आधी फटका बसतो. सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुवा, नीट वाळवा, मग वरून ॲक्रिलिक लॅकरचा हात मारा. कनेक्टर आणि सेन्सरचं तोंड लॅकरपासून झाकून ठेवा.

सुट्या भागांचे पाय काळे पडले की सोल्डर धरत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. घरी पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करणाऱ्यांनी तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडची बाटली हत्यारांच्या कपाटात ठेवू नये. तिच्या वाफेने पक्कड-कटर पावसाशिवायही गंजतात.

२१. भंगारातले टीव्ही, मायक्रोवेव्ह उघडून भाग काढू का?

काय उघडताय त्यावर आहे. प्रिंटर, डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स उघडा: स्टेपर मोटर, गिअर, स्विच, स्प्रिंगा, हीट सिंक मिळतात. मात्र त्यातल्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पुरवठ्याच्या) मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. आधी मीटर लावून मोजा, चार्ज उरला असेल तर काही किलोओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा, पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत दिसते, तिचं अनुकरण नको.

जुन्या जाड टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या पुढे चार्ज असतो आणि ट्यूब फुटली तर काचा उडतात. जाणत्या माणसाशिवाय तिला हात लावू नका.

मायक्रोवेव्ह उघडूच नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर सुमारे २ हजार व्होल्ट देतो, आणि करंट एवढा की दुसरी संधी मिळत नाही. त्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी काढायचे व्हिडिओ पाहून काही जण विचारतात, 'हातमोजे घालून चालेल का?' चालणार नाही. त्या नादात जगभरात माणसं दगावली आहेत.